इम्युनिटी नव्हे, जागा कमी पडली

ऐरोलीहून आलेलं पत्र, थोडं कापून देतेय:

"मावशी, माझे मिस्टर ४४ वर्षांचे. पावसाळ्यात त्यांचा डावा कान महिनाभर वाहत होता, आम्ही कोमट तेल घातलं, मेडिकलमधून ड्रॉप्स आणले. मग एका रविवारी ताप, डोकं फुटेल असं दुखणं, मान वाकवता येईना आणि संध्याकाळी धाकट्याला भलत्याच नावाने हाक मारायला लागले. हॉस्पिटलात कॅज्युअल्टीतच इंजेक्शनं सुरू केली, मग पाठीतलं पाणी काढायचंय म्हणाले. मी सही करायला तीन तास लावले कारण नणंदबाई फोनवर सांगत होत्या की पाठीत सुई घातली की माणूस लुळा होतो. शेवटी केली सही. मेंदूज्वर निघाला, न्यूमोकॉकस म्हणाले, सीआरपी २८० होता. १४ दिवसांनी घरी आलो, त्याला आता तीन आठवडे झाले. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, सारखे थकतात, चिडतात. नणंदबाई म्हणतात इन्फेक्शनमधे स्टिरॉइड दिलं म्हणून इम्युनिटी गेली आणि कानही गेला. आता रोज दोन वेळा गुळवेलीचा काढा पाठवतात. ह्यांची इम्युनिटी एवढी कमी कशी झाली? स्टिरॉइड चुकलं का? मी सही उशिरा केली म्हणून झालं का हे? मुलगी ११ ची आणि मुलगा ३ चा आहे, त्यांना होईल का?"

तुला तू म्हणते हं, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. आणि आधीच सांगते की मी डॉक्टर नाही. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमधे एकतीस वर्षं काढलेली बाई आहे मी, म्हणजे तुमच्या मिस्टरांसारख्यांच्या पाठीतलं पाणी ज्या छोट्या बाटल्यांमधे येतं त्या बाटल्या उघडून मायक्रोस्कोपखाली बघणं हे माझं काम. त्यामुळे औषध कुठलं द्यायचं हे मी सांगणार नाही, पण आत काय चाललेलं असतं ते मी इतक्या वेळा बघितलंय की त्यावर बोलू शकते.

बाकी सगळं नंतर, आधी कान. उद्याच्या उद्या इएनटीकडे जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं ती तपासणी, करून घे, दोन्ही कानांची. डिस्चार्जच्या वेळी झाली नसेल तर आधीच उशीर झालाय, आणि झाली असेल तरी आता परत कर. न्यूमोकॉकस या जंतूच्या मेंदूज्वरानंतर ऐकू कमी येणं हे खूप जणांना होतं, पण लोक समजतात की अशक्तपणा आहे, येईल हळूहळू. कधीकधी येतंही. पण आतल्या कानातल्या शंखाला सूज येऊन गेली असेल तर काही लोकांच्यात त्या पोकळीत हाड तयार व्हायला लागतं, आणि त्याला महिनो न् महिने लागत नाहीत, ते काही आठवड्यांतच सुरू होऊ शकतं. समजा ऐकू येणं फारच गेलं असेल आणि कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शंखात तार घालून बसवायचं ऐकण्याचं यंत्र, लागणार असेल तर ते हाड भरायच्या आधी बसवलेलं चांगलं, नंतर तार आत सरकवायला जागाच राहत नाही. तुमच्याकडे एवढं गंभीर नसेलही, पण बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि त्याच व्हिजिटमधे विचार की कान मुळात महिनाभर का वाहत होता. पडद्याला भोक आहे का, आतलं हाड कुरतडणारी कोलेस्टिएटोमा नावाची गाठ आहे का, सीटी लागेल का. कारण जंतू ज्या वाटेने आत गेला ती वाट अजून उघडी असेल तर परत जाईल. कानात तेल अजिबात नाही. कोमटही नाही, लसणीचंही नाही. वाहत्या कानाला तेल घालायची आपल्याकडची ही सवय मला कधी कळलीच नाही, माझी आईपण घालायची.

आता इम्युनिटी.

तुझं वाक्य मी दोनदा वाचलं, सीआरपी २८० म्हणजे इम्युनिटी एकदम खाली, असं तुम्ही घरात धरून चाललायत असं दिसतंय. कोरोनापासून सगळ्यांना सीआरपी पाठ झालाय पण तो काय मोजतो ते कुणी सांगितलं नाही. सीआरपी लिव्हर बनवतं, आणि ते तेव्हाच बनवतं जेव्हा शरीरातल्या पहिल्या फळीच्या पेशी रक्तात आयएल-६ नावाचा निरोप पाठवतात की घुसखोर आलेत, कामाला लागा. म्हणजे २८० चा अर्थ पहिली फळी झोपलीय असा नाही, ती पूर्ण आवाजात ओरडतेय असा आहे. आणि गंमत बघ, हा सीआरपी सापडला तोच मुळी तुमच्या मिस्टरांच्या जंतूमुळे. १९३० मधे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधे टिलेट आणि फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात एक प्रोटीन बघितलं जे न्यूमोकॉकसच्या भिंतीतल्या 'सी' नावाच्या पदार्थाला जाऊन चिकटायचं, म्हणून ते सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. आज तापाच्या तपासण्यांमधे ते सर्रास लावतात.

तर पहिली फळी म्हणजे उपजत प्रतिकारशक्ती, जी जन्मापासून असते, जिला जंतूची आधी ओळख लागत नाही. दुसरी फळी शिकते, त्या जंतूला नेमकी बसणारी अँटिबॉडी बनवते, पण नवीन जंतूसाठी तिला आठवडाभर तरी लागतो. मेंदूज्वराला एवढा धीर नसतो, सकाळी डोकं दुखतं आणि रात्री माणूस ओळखत नाही. म्हणजे तुमच्या रविवारची सगळी मारामारी ही एकट्या पहिल्या फळीची होती. त्यातच सगळा घोळ आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात जे पाणी असतं, सीएसएफ, ते मोठ्या माणसात साधारण १५० मिली, म्हणजे कटिंग चहाचे दोन-अडीच ग्लास धर. दिवसाला साधारण ५०० मिली नवीन तयार होतं, जुनं शोषलं जातं. नॉर्मल सीएसएफ नळाच्या पाण्यापेक्षा स्वच्छ दिसतं, एका मायक्रोलिटरमधे पांढऱ्या पेशी फार तर पाच. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की रक्तातल्या बहुतेक गोष्टी आत येतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे, मेंदूला गडबड नको असते. पण त्याचा तोटा असा की जंतूला चिकटून त्याच्यावर खूण करणारी प्रोटीन्स, कॉम्प्लिमेंट म्हणतात ती, आणि अँटिबॉडी, हे दोन्ही त्या पाण्यात अगदी नावापुरतं असतं. न्यूमोकॉकसच्या अंगावर साखरेचं एक बुळबुळीत कवच असतं. दिवा कोळीवाड्यातल्या एका मावशींकडून मी वाम घ्यायचे, ती वाम साफ करताना हाताला राख लावायच्या, नाहीतर मासळी हातात थांबतच नाही. कॉम्प्लिमेंट आणि अँटिबॉडी ही ती राख. रक्तात राख भरपूर, म्हणून पेशी जंतूला पकडून गिळतात. सीएसएफमधे राख नाही, साखर मात्र आहे, त्यामुळे कानातून किंवा रक्तातून एकदा का थोडे जंतू आत पोचले की त्यांना अडवायलाच कुणी नसतं आणि ते वाढत सुटतात.

म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. मेंदूभोवतीच्या ह्या एका कोपऱ्यात प्रत्येकाचीच इम्युनिटी पातळ असते, तुझी, माझी, जिमला जाणाऱ्या पोरांचीपण. (काही लोकांना धोका जास्त असतो हे खरं, प्लीहा काढलेले, कवटीला फ्रॅक्चर होऊन नाकातून पाणी गळणारे, शुगर, दारू, म्हातारपण. तुमच्याकडे यातलं काही आहे का ते डॉक्टरांनी विचारलं असेलच, पण वाहता कान हे एक कारण पुरेसं आहे.)

उरलेलं अर्धं उत्तर जरा विचित्र आहे. जंतू वाढले की त्यांच्या भिंतीचे तुकडे पाण्यात सुटतात, आणि मेंदूतले राखणदार, मायक्रोग्लिया आणि आवरणातले मॅक्रोफेज, ते तुकडे ओळखतात. १९१९ मधे पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश माणसाने मायक्रोग्लिया पहिल्यांदा नीट वेगळ्या दाखवल्या, लांब फांद्या असलेल्या बारीक पेशी, आपापल्या भागात सतत चाचपणी करत बसलेल्या. त्यांच्या अंगावर आणि आतमधे जे सेन्सर असतात त्यांना टोल-लाइक रिसेप्टर म्हणतात. ऐरोलीच्या टोलनाक्याशी संबंध नाही, तो तर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना माफच आहे. हा टोल जर्मन शब्द, भन्नाट या अर्थाचा, फळमाशीच्या एका जीनचं नाव. ज्युल्स हॉफमन यांनी १९९६ मधे दाखवलं की तो जीन बिघडला की माशी बुरशीने मरते, दोन वर्षांनी ब्रूस बॉयटलर यांनी उंदरात तसलाच सेन्सर दाखवला आणि २०११ ला दोघांना नोबेलचा वाटा मिळाला. सेन्सरांची वाटणी ठरलेली असते, टीएलआर-२ न्यूमोकॉकससारख्यांच्या भिंतीतला माल ओळखतो, टीएलआर-४ ई. कोलायसारख्या जंतूंच्या बाहेरच्या थराला, टीएलआर-९ जंतूच्या डीएनएला. समोरचा नेमका कोण आहे याच्याशी त्यांना घेणं नसतं, हा माल आपल्या शरीरात बनत नाही एवढं कळलं की पुरे, अलार्म दाबतात.

अलार्म म्हणजे टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ असले केमिकल निरोप. त्याने ताप येतो. त्याने रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटपणा येतो, वाहून चाललेले न्यूट्रोफिल, म्हणजे पहिल्या फळीच्या पांढऱ्या पेशी, त्याला अडकतात, घरंगळतात, थांबतात आणि फटीतून आत घुसतात. पाचवर असलेली पेशींची संख्या काही तासांत हजारांवर. मी बाटली उजेडाकडे धरायचे तेव्हाच कळायचं, तांदळाच्या धुवणासारखं पाणी. रंगवून मायक्रोस्कोपखाली धरलं की सगळीकडे न्यूट्रोफिलच न्यूट्रोफिल आणि मधूनमधून ते जांभळे, भाल्याच्या टोकासारखे, दोन-दोन जोडीने बसलेले न्यूमोकॉकस. तो रंग १८८४ मधे बर्लिनमधे हान्स ख्रिश्चन ग्रॅमने न्यूमोनियाने गेलेल्या लोकांच्या फुप्फुसाचे काप रंगवताना बसवला, आज १४० वर्षांनी पण पहिल्या तासात उत्तर द्यायला तोच लागतो.

आणि आता ही आलेली फौज काय करते बघ. राख नाही म्हणून गिळता येत नाही नीट. मग चिडून ती बाहेरच टाकते सगळं, भिंती विरघळवणारी एन्झाइम्स, जळजळीत ऑक्सिजनचे रेणू, स्वतःचाच डीएनए जाळ्यासारखा. तुझं ठाण्याला येणं-जाणं असेल तर दहीहंडीला बघितलं असशील, ट्रक भरभरून पथकं येतात, मैदानात सगळं छान वाटतं, पण तीच पथकं नौपाड्याच्या एखाद्या गल्लीत एकदम घुसली तर हंडी फुटायच्या आधी दुकानाच्या पाट्या आणि लोकांच्या स्कूटर आडव्या होणार. पोरं वाईट नसतात, गल्ली लहान असते. पायाला गळू झालं तर हीच पेशी तिथे येते, मरते, तिचा पू होतो, पू निघून जातो, आपण विसरतो. कवटीत पू जायला वाट नाही, आणि बाजूला जे आहे ते पायाचं मांस नसून ऐकण्याची नस, स्मरणाचा भाग, रक्तवाहिन्या असं सगळं नाजूक सामान आहे. ती एन्झाइम्स मेंदूच्या रक्तवाहिन्यांची घट्ट शिवण उसवतात, मग रक्तातलं पाणी आत झिरपतं, मेंदू सुजतो.

सुजला की काय होतं हे नवी मुंबईकराला समजावणं सोपं आहे. आपल्याकडे सिडकोने खाडीलगत ते होल्डिंग पाँड ठेवलेत ना, भरतीला दरवाजे बंद असतात, शहराच्या पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, ते तेवढा वेळ तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर सोडतात. तलाव गाळाने भरला आणि भरतीच्या वेळेला मुसळधार आला की पाणी रस्त्यावर. कवटीचे दरवाजे कायमचेच बंद. थोडी सूज आली तर सीएसएफ खाली पाठीच्या कण्याकडे सरकून जागा करतं, थोडं रक्त बाहेर ढकललं जातं, ती तेवढीच उसंत. ती संपली की मग दर मिलीलिटरला प्रेशर उड्या मारत वाढतं, रक्त आत शिरेनासं होतं, माणूस गुंगतो. डोकं फुटेल असं दुखतंय असं ते म्हणत होते, ते उगाच नाही.

आणि शंख? सीएसएफपासून आतल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते, तिथून जंतू आणि ही सगळी फौज दोन्ही कानात उतरू शकतात. शिवाय न्यूमोकॉकसचं स्वतःचं विष असतं, न्यूमोलायसिन, ते पेशींच्या पडद्यांना भोकं पाडतं. म्हणजे कान गेला तो स्टिरॉइडने नाही, जंतूने आणि जंतूशी झालेल्या मारामारीने. मुळात कान वाचावा हे पण स्टिरॉइड देण्यामागचं एक कारण असतं.

हे नणंदबाईंना कसं सांगायचं ते बघ. इन्फेक्शनमधे स्टिरॉइड नको हे त्या म्हणतात ते एरवी अगदीच चूक नाही, पुष्कळ ठिकाणी खरंच नको. पण १९८० च्या दशकात सशांवर प्रयोग झाले, त्यात जिवंत न्यूमोकॉकस न घालता नुसते त्याच्या भिंतीचे तुकडे सीएसएफमधे सोडले तरी तशीच सूज आली. म्हणजे मेलेला जंतूही फौज बोलावतो. मग विचार कर, पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखं औषध दिलं की जंतू फुटतात, एकाच वेळी लाखो, आणि सगळे तुकडे एकदम पाण्यात. अँटिबायोटिकने जंतू मरतो आणि त्याच क्षणी अलार्म सगळ्यात मोठा वाजतो. म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड त्या पहिल्या अँटिबायोटिकच्या जरा आधी किंवा बरोबर देतात, अलार्मचा आवाज कमी करायला. खूप उशिरा दिलं तर फायदा राहत नाही, कारण तोपर्यंत निरोप गेलेले असतात.

२००२ मधे हॉलंडच्या डॉक्टरांनी युरोपातल्या ३०१ मोठ्या माणसांवर हे तपासलं, दर सहा तासांनी १० मिलिग्रॅम, चार दिवस. न्यूमोकॉकसवाल्यांमधे स्टिरॉइड न मिळालेले १०० तले ३४ गेले, मिळालेले १४. हा फरक छोटा नाही. पुढे आफ्रिकेत मलावीमधे असाच अभ्यास झाला तिथे फायदा दिसला नाही, पण तिथले बहुतेक पेशंट एचआयव्हीचे होते आणि उशिरा पोचलेले, त्यामुळे सगळीकडे सारखं लागू होतं असं मीही म्हणणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी ४४ वर्षांच्या, वाहत्या कानाच्या, न्यूमोकॉकसच्या पेशंटला ते दिलं हे पुस्तकात लिहिलंय तसंच केलं. चार दिवसांच्या डेक्साने इम्युनिटी 'जात' नाही. त्या चार दिवसांत शुगर वर गेली असेल, झोप उडाली असेल, ते होतं. स्टिरॉइडची भीती असते ती महिनो न् महिने घेणाऱ्यांची.

आता तुझी सही. फाईल काढ, पहिल्या दिवसाचा ट्रीटमेंट चार्ट बघ, त्यावर प्रत्येक इंजेक्शनची वेळ आणि नर्सची सही असते. तूच लिहिलंयस की कॅज्युअल्टीत इंजेक्शनं आधी सुरू झाली. पाठीतलं पाणी काढायला वेळ लागणार असेल तर अँटिबायोटिकसाठी थांबायचं नसतं हा नियम आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी तेच केलं. तुझ्या तीन तासांनी उपचार थांबले नाहीत. फार तर एवढं होतं की औषध गेल्यावर काही तासांत कल्चरमधे, म्हणजे लॅबमधे जंतू वाढवून बघतात त्यात, जंतू उगवेनासे होतात, मग लॅबवाल्यांना नाव सांगायला त्रास. तुमच्या केसमधे नाव मिळालं. संपलं. यापुढे रात्री दोन वाजता तेच तीन तास मोजत बसायचं नाही.

आणि लुळा होण्याचं. पाठीचा मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई घालतात तिसऱ्या-चौथ्याच्या किंवा चौथ्या-पाचव्याच्या मधे, तिथे नुसत्या नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात आणि सुई आली की बाजूला होतात. १८९१ मधे जर्मनीत क्विंके यांनी ही पद्धत बसवली. लोकांना पाठीतलं पाणी काढल्यावर लुळं झालेलं बघायला मिळतं ते खरं आहे, पण ते बहुतेक त्या आजाराने, ज्याच्यासाठी पाणी काढलं. सुईनंतर डोकं दुखतं काही दिवस, ते मात्र खरंच. मला या भीतीपेक्षा जास्त राग एका दुसऱ्याच गोष्टीचा आहे, एकदा एका हॉस्पिटलमधून लहान मुलीचं सीएसएफ आलं, रात्रभर वॉर्डच्या फ्रीजमधे ठेवलेलं, कुणीतरी चांगल्या मनाने. हे जंतू थंडीत मरतात, सीएसएफ कल्चरसाठी कधी फ्रीजमधे ठेवायचं नसतं. काही उगवलं नाही. पाण्यात पेशी दिसत होत्या, जंतू होता हे कळत होतं, कुठला ते नाही कळलं. आई-बापांनी सही लगेच केली होती.

मुलांचं. न्यूमोकॉकस घरात सगळ्यांच्या नाका-घशात येतो-जातो, बहुतेकांना काही होत नाही, आणि या जंतूसाठी घरच्यांना औषध देत नाहीत. मेनिंगोकॉकस हा मेंदूज्वराचा दुसरा जंतू असता तर जवळच्या सगळ्यांना लगेच रिफॅम्पिसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं काही दिलं असतं, तो नियम वेगळा, आणि पत्राच्या कापलेल्या भागात तू शेजारच्या काकूंनी सांगितलेल्या गोळीचं लिहिलंयस, ती बहुधा त्यातली. धाकट्याचं लसीकरणाचं कार्ड बघ, न्यूमोकॉकसची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी. मुलीच्या वेळेला ती बाहेर पैसे देऊन मिळायची, घेतली नसेल तर घाबरू नकोस, पाच वर्षांपुढच्या धडधाकट मुलांना सहसा लागत नाही. मिस्टरांना मात्र आता न्यूमोकॉकसची मोठ्यांची लस कधी द्यायची हे फिजिशियनला विचार. लस म्हणजे त्या राखेचं आधीच तयार करून ठेवणं, रक्तातच जंतू पकडला जातो, पाण्यापर्यंत पोचायची वेळ येत नाही. इम्युनिटी वाढवायची हौस असेल तर ही वाढवा.

काढ्याबद्दल नणंदबाईंशी भांडू नकोस पण बंद कर. तुमच्या घरी ज्या गोष्टीने धिंगाणा घातला तीच आणखी चेतवायची कशाला, आणि खरं म्हणजे काढ्याने ती चेतते की नाही हे पण धड माहीत नाही. गुळवेलीबद्दल २०२१ मधे मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी काही पेशंट छापले होते ज्यांच्या लिव्हरला ती घेतल्यावर सूज आली, आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, वाद झाला. पण १४ दिवस शिरेतून भारी औषधं घेतलेल्या माणसाच्या लिव्हरवर आत्ता प्रयोग नको. आधीच्या दोन-तीन आठवड्यांत घेतलाय हे डॉक्टरांना सांग, लाजू नकोस.

चिडचिड आणि थकवा याला वेळ लागतो, महिने लागतात. लक्ष लागत नाही, आवाज सहन होत नाही, दुपारी झोपावं लागतं, हे सगळं मेंदूज्वरानंतर दिसतं. ऑफिसला घाई नको, सुरुवातीला अर्धा दिवस जमतंय का विचार. एका कानाने ऐकू कमी आलं की माणूस चिडतोच, कारण आवाज कुठून आला कळत नाही, त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलत जा, टीव्ही बंद करून. गाडी चालवणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. फिट आली, परत ताप आणि मान धरली, खूप झोपाळलेले वाटले, किंवा नाकाकानातून पाण्यासारखं स्वच्छ गळायला लागलं तर फोन करून अपॉइंटमेंट घेत बसू नकोस, सरळ कॅज्युअल्टी, रात्र असली तरी.

आणि नणंदबाईंना एक काम दे. भाऊ त्यांचा आहे, घाबरल्यात, म्हणून फोनवर काहीबाही सांगतायत. त्यांना म्हण, ताई, इएनटीला तुम्ही चला सोबत, मला एकटीला सगळं ऐकून लक्षात राहत नाही. डॉक्टर स्टिरॉइडबद्दल जे सांगतील ते त्या स्वतःच्या कानाने ऐकतील, तुझ्या तोंडून नको. ऑडिओमेट्रीचा कागद आला की मला डाव्या कानाचे आकडे लिहून पाठव, फोटो नीट येत नाही.